बिथरण्याआधीची चाहूल

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेलं माणूस बिथरतं, म्हणजे येरझारा घालतं, ओरडतं, अडवणाऱ्याला ढकलतं किंवा मारतं. हे आधी ओळखता येईल का, असं विचारणारी बरीच पत्रं कोल्हापूर आणि आसपासहून आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत. ज्यांच्या घरात हा बदल गेल्या आठवड्याभरातच झाला आहे, त्यांनी आधी दुसरा प्रश्न वाचावा.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दिवसा बऱ्या असतात. दिवेलागण झाली की "मला कागलला जाऊ दे, आई वाट बघत असंल" म्हणत दाराची कडी काढायला लागतात. अडवलं की आरडाओरडा. परवा मला चावल्या. काही दिवस मात्र अगदी शांत जातात, त्यामुळे कधी काय होईल याचा अंदाजच येत नाही. आधी कळायची काही सोय आहे का?
— एक सून, मंगळवार पेठ

उत्तर : आहे. त्यासाठी शंभर पानी वही आणि १४ दिवस लागतील. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य "काही दिवस अगदी शांत जातात" हे आहे. बहुतेक घरांत नोंद होते ती फक्त वाईट दिवसांची. मग कुणीतरी म्हणतं, दुपारी झोपल्या नव्हत्या म्हणून असं झालं. पण शांत गेलेल्या दिवशीही त्या झोपल्या नसतील तर? दोन्ही प्रकारचे दिवस शेजारी शेजारी मांडल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. म्हणून शांत दिवसाचं पानही तितकंच काळजीपूर्वक भरा.

एका दिवसाला एक पान. डाव्या बाजूला सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंतचे तास. प्रत्येक तासासमोर तुटक शब्दांत लिहायचं: काय खाल्लं, किती पेले पाणी किंवा चहा, लघवी, शौच, झोप, कुठली गोळी, घरात कोण आलं-गेलं, टीव्ही, मिक्सर किंवा रस्त्यावरचा आवाज, खोलीत उजेड किती. रात्रीची झोप पानाच्या डोक्यावर लिहा. बिथरल्या तर त्या तासासमोर आकडा टाका. १ म्हणजे कुरबुर आणि तोच तोच प्रश्न. २ म्हणजे येरझारा, कडी काढणं, चढा आवाज. ३ म्हणजे ढकलणं, मारणं, चावणं. किती मिनिटं चाललं आणि कशाने थांबलं, तेही लिहा.

या वहीची वाट दोन गोष्टींनी लागते. एक, रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिणं. तोवर डोक्यात फक्त शेवटचं भांडण उरलेलं असतं. दुसरी, "विनाकारण चिडल्या" हे शब्द. त्यांच्या जागी घडलं तेच लिहा: "मी मागून जाऊन दंडाला धरलं, 'कुठं निघालाय?' असं विचारलं, टीव्ही मोठा होता, मुलं शाळेतून आलेली."

आता चाहुलीचं. ३ च्या आकड्याआधी बहुतेक वेळा १ आणि २ येऊन गेलेले असतात, आपलं लक्ष नसतं इतकंच. पदराचं टोक चुरगाळणं, मांडीवर तळवा घासत राहणं, एरवी दहा मिनिटांनी येणारा प्रश्न दोन मिनिटांनी येणं, नजर सारखी दाराकडे वळणं, बसल्याजागी ऊठबस, कपाळाला आठी, भरभर श्वास. यातल्या सगळ्या खुणा एकाच माणसात दिसत नाहीत. बहुतेकांच्या ठरलेल्या दोन-तीन असतात आणि बहुधा त्याच क्रमाने येतात. पहिली खूण दिसल्यापासून कडीला हात जाईपर्यंत किती मिनिटं जातात, हे मोजा. कुणाकडे ती पाच असतात, कुणाकडे चाळीस. तुमच्या हातात असलेला वेळ तेवढाच.

पंधराव्या दिवशी वाईट पानांवर लाल खूण करा, शांत पानांवर हिरवी, आणि एकेक बाब तपासा. समजा, ९ लाल पानांपैकी ७ पानांवर दुपारचं जेवण आणि पुढचं खाणं यात पाच तासांचं अंतर दिसलं आणि ५ हिरव्या पानांपैकी एकाच पानावर, तर संशयाला जागा आहे. मग साडेतीनला खायला देऊन सात दिवस बघा. एका वेळी एकच बदल करायचा. खाणंही बदललं आणि टीव्हीही बंद केला, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

दिवेलागणीलाच हे का होतं, याचं कारण थोडं मेंदूत आहे आणि थोडं घरात. झोप-जागेचं वेळापत्रक सांभाळणारं मेंदूतलं घड्याळ या आजारात बिघडतं. त्यात पेठेतली जुनी घरं. पुढचा सोपा (ओसरी) उजळ, माजघर अंधारं, कोपऱ्यात सावल्या. त्याच वेळी सगळं घर एकदम हलायला लागतं: मुलं येतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, कुणी चपला घालतं. ते पाहून "आपलीही निघायची वेळ झाली" असं वाटणं फार विचित्र नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी माजघरातले सगळे दिवे लावा, आणि अंधारात काच आरशासारखी दिसत असेल तर पडदा ओढा. वेळ घड्याळावर ठरवू नका. कोल्हापुरात जूनमध्ये सात वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास मावळतो. जूनची वही दिवाळीत तशीच वापरली की अंदाज तासभर चुकतो.

पहिली खूण दिसली की आधी लघवीला नेऊन आणा. मग हाताला काम द्या. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वाती वळणं, जे त्यांनी आयुष्यभर केलं ते. "आई जाऊन तीस वर्षं झाली" हे सांगू नका. त्यांना ते दरवेळी नव्याने कळतं. "कागलच्या घरात तुमची आई काय काय करायची?" असं विचारलं तर गाडी पुष्कळदा तिकडे वळते. त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. बाजूला, हातभर लांब, समोरून दिसेल असं थांबा. तरीही ३ आलाच तर मागे व्हा, मुलांना आणि गरम भांड्यांना दूर करा आणि पाच-दहा मिनिटं काहीही करू नका. चावा बहुतेक वेळा दंड धरल्यावर बसतो.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. डिमेन्शिया आहे, पण कधी आवाज चढवत नसत. गेल्या तीन दिवसांत अचानक शिवीगाळ, रात्रभर जागे, मध्येच गुंगीत. आजार वाढला असं समजायचं का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. डिमेन्शिया महिन्यामहिन्याने वाढतो. तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदल झाला, त्यात गुंगी असली आणि दिवसभर चढउतार असले, तर त्याला डिलिरियम म्हणतात. त्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. इथे वही लिहीत बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. जाण्याआधी घरी एवढं बघून ठेवा.

ताप आणि श्वासाचा वेग बघा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर बिथरलेल्या अवस्थेतच बोट टोचून साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि ते नीट गिळत असतील तर लगेच साखरपाणी द्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबलं की वयस्कर माणसाची साखर उतरते आणि ते बाहेरून निव्वळ चिडणं वाटतं. शेवटची लघवी कधी झाली? प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत मूत्राशय तुंबतं. ओटीपोट फुगलेलं आणि दाबल्यावर दुखत असेल तर थांबू नका. शौचाला किती दिवस झाले? घट्ट मळाच्या कडेने पातळ पाझरतं आणि घरचे जुलाब समजून बंद करणारी गोळी देतात. ही चूक वारंवार होते. गेल्या दोन महिन्यांत कधी पडले होते का? डोक्याला मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं.

आणि नवीन औषध. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं, वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन. ही औषधं मेंदूतल्या ज्या रसायनाला अडवतात, त्याचीच या आजारात आधीपासून कमतरता असते. सगळ्या पाकिटांची पिशवी भरून सोबत न्या. नावं तोंडी सांगू नका.

प्रश्न : आईला अंघोळ घालताना रोज मारामारी. बाकी वेळी शांत असते.
— एक मुलगी, कसबा बावडा

उत्तर : इथे अंदाज बांधायची गरजच नाही, वेळ तुम्हाला माहीत आहे. शोधायचं ते इतकंच, की अंघोळीच्या कुठल्या पायरीला हात उगारला जातो. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर? कपडे काढताना? डोक्यावर तांब्या ओतताना? की हात वर करताना?

हात वर करताना किंवा उठवताना असेल तर पहिला संशय दुखण्याचा. खांदा, गुडघा, कंबर, कधी हिरडीही. या आजारात माणसाला "दुखतंय" हे शब्द सापडत नाहीत. त्यासाठी पाच गोष्टी बघायची एक सोपी पद्धत आहे: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, शरीराचा ताठरपणा, आणि धीर दिल्यावर शांत होते का. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. एकदा स्वस्थ बसलेली असताना आणि एकदा हालचाल करवताना गुण द्या. हलवताना २ किंवा जास्त गुण आले तर दुखतंय असं धरून डॉक्टरांशी बोला. २०११ साली नॉर्वेत ३५२ वृद्धाश्रमवासींवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायरीपायरीने वेदनेवर उपचार केले गेले. आठ आठवड्यांत बिथरण्याचे गुण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी उतरले, आणि बहुतेकांना दिलेलं औषध साधं पॅरासिटामॉल होतं. तुमच्या आईला मात्रा किती, अंघोळीच्या किती आधी, हे यकृत आणि वजन बघून डॉक्टर ठरवतील.

डोक्यावर पाणी ओतताना असेल तर डोकं वेगळ्या दिवशी धुवा. पाणी आधी पायावर, मग मांडीवर, शेवटी खांद्यावर. तांब्या तिच्या हातात द्या. मोठा टॉवेल अंगावर ठेवूनच त्याखालून धुवा. पाठीला गार हवा लागू देऊ नका, बसायला घट्ट पायांचं स्टूल ठेवा. रोज अंघोळ हवीच, हा हट्ट घरच्यांचा असतो. आठवड्यातून दोनदा अंघोळ आणि बाकी दिवस कोमट पाण्याने अंग पुसणं पुरतं.

प्रश्न : आमचे आबा पाच वाजले की "म्हशी वरडाय लागल्यात, डेअरीला दूध घालायचंय" म्हणून निघतात. गोठा रिकामा होऊन सहा वर्षं झाली. अडवलं की काठी उगारतात.
— एक मुलगा, करवीर तालुका

उत्तर : आबांचं भाकीत तर त्यांच्याच आयुष्याने करून ठेवलंय. पन्नास वर्षं दिवसातून दोनदा धार काढलेल्या शरीराला पाच वाजलेले कळतात, म्हशी गेल्याचं कळत नाही. मिलमध्ये पाळी केलेल्या माणसाचं भोंग्याच्या वेळेला असंच होतं, आणि तालमीत वाढलेला पहाटे चारला उठून बसतो. प्रत्येक घराने आपल्या माणसाच्या चाळिशीतल्या दिवसाचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

पावणेपाचला, म्हणजे त्यांनी विषय काढायच्या आधी, तुम्हीच किटली हातात द्या आणि सोबत चाला. डेअरीपर्यंत जाऊन या, किंवा गल्लीला वळसा घाला. परत आल्यावर चहा. सव्वापाचला त्यांनी काठी उचलल्यावर किटली पुढे केली तर ती भिरकावली जाईल. काठी आधारासाठी लागत असेल तर ती काढून घेऊ नका, रिकामे हात जास्त बिथरवतात.

प्रश्न : बंगळुरूला असलेला मुलगा म्हणतो, आजीच्या मनगटाला घड्याळ बांधू, तेच आधी सांगेल. खरंच सांगतं का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : यावर संशोधन चालू आहे. मनगटावरचं यंत्र हालचाल, नाडी, त्वचेचं तापमान आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजतं. बिथरण्याच्या आधी यातले काही आकडे बदलतात, हे खरं. पण घरात वापरताना अडचण हिशोबाची येते.

जागेपणाचे १६ तास म्हणजे ३२ अर्धे तास. समजा, त्यातल्या २ अर्ध्या तासांत आजी बिथरते आणि ३० शांत जातात. घड्याळ बऱ्यापैकी हुशार आहे असं धरू: दहापैकी आठ वेळा खरं बिथरणं पकडतं, आणि शांत वेळी दहापैकी आठदा गप्प राहतं. तर दहा दिवसांत २० पैकी १६ वेळा खरा इशारा मिळेल. पण ३०० शांत अर्ध्या तासांपैकी ६० वेळा ते उगीचच वाजेल. एकूण ७६ इशारे, खरे १६. पाचातले चार खोटे निघाले की चौथ्या दिवशी घरातलं कुणी उठून बघणार नाही. शिवाय जिना चढणं, भजनात टाळ्या वाजवणं, उन्हाळ्यातला घाम, हे सगळं यंत्राला बिथरण्यासारखंच दिसतं. पट्टा सैल झाला की नाडी चुकते, घट्ट केला की आजी तो उपसून काढते, आणि चार्जिंगला लावलं की नेमकं तेव्हाच काही घडतं. एकाच्या नोंदींवर शिकवलेलं गणित दुसऱ्याला नीट लागूही पडत नाही.

मुलाला पैसे खर्चायचेच असतील तर दाराला उघडताच वाजणारी घंटी आणि रात्री पाय खाली ठेवताच लागणारा दिवा घेऊ द्या. ही साधनं भाकीत करत नाहीत, घडलेलं तेवढं सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. नातवाला आजीबद्दल आधीच कळायला हवं असेल तर त्याने रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल करावा. ते पान कदाचित हिरवं निघेल.

प्रश्न : चिन्हं दिसायला लागली की आधीच झोपेची किंवा शांत करणारी गोळी दिली तर?
— मंगळवार पेठेतूनच दुसरं पत्र

उत्तर : स्वतःच्या मनाने अजिबात नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळ वाढतो आणि काही माणसं शांत व्हायच्या ऐवजी उलटी पेटतात. रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारख्या मनोविकारावरच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये ठळक इशारा दिला: १७ चाचण्यांत, साधारण दहा आठवड्यांच्या काळात, औषध घेणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यू सुमारे ४.५ टक्के होते, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. मे २०२३ मध्ये तिथेच अल्झायमरमधल्या बिथरण्यासाठी ब्रेक्सपिप्राझोलला मंजुरी मिळाली. पण तेही रोज घ्यायचं औषध आहे, लागेल तेव्हा द्यायचं नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. ज्याला नसलेली माणसं-प्राणी स्पष्ट दिसतात आणि अंग ताठर झालंय, त्याला डिमेन्शियाचा ल्युई बॉडी हा प्रकार असू शकतो. तिथे हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाने जीवावर बेतू शकतं.

औषध कधीच नको असं नाही. स्वतःला किंवा इतरांना इजा होत असेल आणि बाकी उपाय थकले असतील, तर मनोविकारतज्ज्ञ कमीत कमी मात्रेत सुरू करतात, आणि काही आठवड्यांनी बंद करता येतं का ते बघतात. ती तारीख पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहा, कारण चिठ्ठी पुढे चालूच ठेवली जाते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाताना वहीची लाल-हिरवी पानं न्या. बाह्यरुग्ण विभागातल्या पाच मिनिटांत तोंडी सांगून जे होत नाही ते त्याने होतं. रात्री-अपरात्री तुम्हाला स्वतःलाच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

प्रश्न : महाद्वार रोडला घर आहे. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री आजोबांचं काय करायचं?
— एक वाचक

उत्तर : वर्षभरातला हा एकच दिवस असा आहे की भाकितासाठी पंचांग पुरतं. कानात कापूस घालून फायदा नाही. ठोक्याचा दणका छातीला आणि जमिनीतून पायाला जाणवतो. श्रवणयंत्र असेल तर मात्र त्या रात्री काढून ठेवा.

दुसऱ्या घरी न्यायचं असेल तर चतुर्दशीला पहिल्यांदाच नेऊ नका. अनोळखी घरच बिथरवेल. आधीच्या दोन आठवड्यांत तिथे दोनदा दुपार काढा आणि एकदा झोपवून बघा. जाताना त्यांची चादर, उशी, तांब्या आणि रोजचा दिवा न्या. शौचालयाचं दार रात्री उजळलेलं आणि उघडं ठेवा. घरीच ठेवणार असाल तर रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू, आणि सोबत एकच ओळखीचं माणूस. पाहुण्यांची रांग त्यांच्यासमोर नको. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, म्हणून रात्रीची गोळी आणि जेवण उशिरा ढकलू नका. पुढचे दोन दिवस अंघोळ, दवाखाना, केस कापणं असलं काही ठरवू नका. एक रात्र झोप मोडली की त्याचा हिशोब बहुधा दुसऱ्या संध्याकाळी होतो.